आज अ‍ॅटनबरोला जाऊन आलो

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून लोकल ट्रेनने जरा पुढे गेलं की अ‍ॅटनबरो स्टेशन. पाटी बघून हसूच आलं. निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या आडनावाचं गाव! खडीच्या जुन्या खाणींत पाणी साचून झालेली तळी आहेत, त्या अभयारण्याचं उद्घाटन 1966 मध्ये त्यांनीच केलं होतं.

म्हणजे हे आपल्या चिपळूणकरांसारखंच. गाव सोडल्यावरच गावाचं नाव चिकटतं, गावात राहणाऱ्याला कोण कशाला चिपळूणकर म्हणेल?

अ‍ॅटनबरो हे आडनाव तसं दुर्मिळ. लेस्टर विद्यापीठाने 2009 मध्ये 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांचे वाय गुणसूत्र (बापाकडून फक्त मुलाला मिळणारं, आडनावासारखंच) तपासले. अ‍ॅटनबरोंपैकी 70 टक्क्यांहून जास्त जणांचं जवळपास सारखंच निघालं, म्हणजे बहुतेकांचा मूळ पुरुष एकच. स्मिथ म्हणजे लोहार. त्या मंडळींत असलं काही नाही, गावोगावी लोहार होते ना! एकाला मुलगेच मुलगे, दुसऱ्याला नुसत्या मुली. दुर्मिळ आडनाव वाढतं किंवा बुडतं ते एवढ्यावर.

परतताना ट्रेनमध्ये 1881 च्या जनगणनेचे आडनावांचे नकाशे बघत बसलो आणि माझं स्टेशन गेलं. बायकोचा फोन, "कुठे आहात?" काय सांगणार, 1881 मध्ये!