निपाणीची खुडणी, आप्पाचीवाडीची रात्र

दूधगंगेचा पूल ओलांडून एस.टी. कोगनोळीच्या नाक्यावरून कर्नाटकात शिरली. पाट्या कानडी झाल्या, पण गाडीतल्या गप्पा मराठीच राहिल्या: सोयाबीनची मळणी, उसाची तोड कधी येणार, कुणाच्या घरी सोयरीक जुळली. कोल्हापूरहून निपाणी जेमतेम ४० किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. शहराला लागून असलेलं अर्जुननगर मात्र महाराष्ट्रात. तिथलं देवचंद कॉलेज १९६० चं. निपाणीची पोरं रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात आणि संध्याकाळी ओलांडून घरी येतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही, मला मात्र ते ऐकून गलबलून आलं.

दसरा होऊन गेला होता. मित्राच्या आत्यांकडे उतरलो होतो आणि सकाळी त्यांच्यामागोमाग रानात गेलो. तंबाखू कमरेएवढी झालेली, खुडणी सुरू होती. शेंडा मोडला की झाडाची ताकद पानांत उतरते, पान जाड होतं. मग बगलेतून फुटवे येतात, तेही पुन्हा पुन्हा काढत राहायचे. पानाचा चीक हाताला लागतो आणि तळवे काळेकुट्ट होतात. तासाभरात माझीही बोटं एकमेकांना चिकटली.

"हे साबणानं निघत न्हाई," आत्या म्हणाल्या. "दिवाळीच्या लाडवालाबी हेच हात."

खरं कष्टाचं काम पुढेच असतं. जानेवारीच्या सुमाराला झाडं कापून रानातच उन्हात वाळवायची. पहाटे दव पडून पान मऊ होतं, तेव्हाच ते उचलायचं. ऊन चढलं की हात लावताच चुरा. म्हणजे ऐन थंडीत, अंधारात उठून बायका रानात. तिथून माल निपाणीच्या वखारींत. वखारीच्या दारात मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत होत्या. प्रा. सुभाष जोशींनी संघटित केलं ते याच कामकरी बायकांना. त्यांच्याविषयी इथे आजही आदरानं बोललं जातं, आणि पाच मिनिटं त्या दारात उभं राहिलं की त्याचं कारण कळतं.

शेजारच्या वहिनी सोप्यात बसून बिड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. नजर माझ्याकडे, बोलणं चालू, बोटं थांबत नव्हती. मजुरी मोजतात ती हजार बिड्यांवर.

दुपारी जेवताना ८१ साल निघालं. १४ मार्च १९८१ पासून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाले शेतकरी भावासाठी इथल्या हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. पुणे-बंगळूर रस्त्यावर वस्तीच उभी राहिली, तिला आंदोलननगर म्हणत. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १२ शेतकरी गेले. आत्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. वडिलांसाठी त्या भाकरी घेऊन जायच्या. "त्या दिवशी भाकरी तशीच माघारी आली," एवढंच त्या बोलल्या आणि ताटं उचलायला लागल्या. वडील दुसऱ्या दिवशी घरी आले, हे मला मित्रानं नंतर सांगितलं.

आता त्यांच्या निम्म्या रानात ऊस आहे. तो इथल्या साखर कारखान्याला जातो, आणि कारखान्याचं नावही देवाचंच: हालसिद्धनाथ.

त्या देवाची यात्रा कुर्ली-आप्पाचीवाडीला भरलेली होती. वर्षाची सगळी करमणूक या यात्रेत साठवून ठेवल्यासारखी. गाड्या भरभरून माणसं चाललेली, माहेरवाशिणी आलेल्या, पाळणे फिरत होते, पोरांच्या हातांत पिपाण्या. पण रात्र चढली तशी गर्दी देवळाकडे सरकली. ढोल-कैताळाचा आवाज छातीत घुमत होता. भंडाऱ्यानं हवा पिवळी. "हालसिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!"

माणसं जागतात ती भाकणुकीसाठी, म्हणजे देवाच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या भविष्यासाठी. पुढच्या वर्षाचं पाऊसपाणी, रोगराई, राजकारण, पिकं, सगळं त्यात येतं. इतका वेळ कुजबुजणारी गर्दी पिकाच्या भावाचा विषय निघाला तशी गप्प झाली. शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून कान पुढे केला. आत्यांनी डोळे मिटले. भाकणूक खरी ठरते का, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. ज्या मालाचा भाव आपल्या हातात नाही तो वर्षभर पिकवणारी हजारो माणसं एकाच शब्दासाठी श्वास रोखून उभी होती, आणि त्यांच्यात मीही.

पहाटे घरी परतलो. दिव्याच्या उजेडात आत्यांच्या काळ्या तळव्यांवर पिवळा भंडारा दिसत होता.

"झोपा तुम्ही पावणं," त्या म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत माझ्या दोन सऱ्या खुडून हुत्यात."