काळा रंग सरांच्या खिशात

आठवीत असताना मी शाळेच्या कुंपणावरची जास्वंद रंगवली होती. फुलं लालभडक, पानं हिरवीगार आणि खाली मातीवर सावली, चांगली दाट काळी. एलिमेंटरीची तयारी चालली होती. चित्रकलेचे सर मला घेऊन थेट कुंपणापाशी गेले. "बघ गं, यात काळं कुठं आहे?" चारचं ऊन होतं. मी बघत राहिले. सावली जांभळट होती, कडेला निळसर आणि फुलाखाली तर चक्क तांबूस! सरांनी माझ्या रंगपेटीतली काळ्याची ट्यूब काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. ती परत मिळाली वार्षिक परीक्षेनंतर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कॅलेंडरचं एक पान आणलं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं कमळांचं तळं. वर्ग संपला तरी मी ते सोडेना.

पुढे मोनेबद्दल मिळेल ते वाचत गेले. १८८३ मध्ये तो फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी भाड्याच्या घरात राहायला आला. १८९० मध्ये ते घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेऊन तिथं तळं करायला निघाला. त्यासाठी एप्ट नदीच्या फाट्याचं पाणी हवं होतं. गावकरी बिथरले, ही परकी रोपं पाणी नासवतील, अशी त्यांना धास्ती. त्याने अर्जविनंत्या करून परवानगी मिळवलीच. रंगीत वॉटर लिली तेव्हा नवलाईची होती, लातूर-मार्लियाक या रोपवाटिकाकाराने संकरातून तयार केलेली. तळं स्वच्छ राखायला एक माळी होडीतून फिरत असे. आधी बाग लावायची, ती वाढू द्यायची आणि मग तिच्यासमोर बसून रंगवायचं! या धीराचं मला आजही अप्रूप वाटतं. त्या तळ्याची सुमारे २५० चित्रं त्याने केली. १९०५ मधल्या एका पत्रात त्याने आपले रंग सांगितले आहेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी, मॅडर लाल, कोबाल्ट निळा, एमराल्ड हिरवा. बस्स, एवढेच.

ते वाचलं तेव्हा मला सरांचा खिसाच आठवला.

काही वर्षांपूर्वी पॅरिसला ओरांजरी संग्रहालयात जायचा योग आला. मोने १९२६ मध्ये वारला, त्याची ही मोठी चित्रं १९२७ मध्ये तिथं खुली झाली. दोन लंबगोल दालनं, भिंतभर पाणी. जवळ गेलं की फूल हरवतं, नुसते फटकारे उरतात. शाळेच्या व्हरांड्यात सर दहा पावलं मागं उभं करायचे, तशी मी मागं सरले. गुलाबी ठिपक्याचं कमळ झालं. चित्रातल्या विलोच्या झाडाच्या बुंध्यापाशी बराच वेळ थांबले. जांभळा, गर्द हिरवा, खोल निळा.

बाहेर येऊन सरांना पोस्टकार्ड धाडलं: "सर, काळा शोधला. नाही सापडला."