शेवटचं पोर

दुपारी शाळा सुटली की चौकात बालवाडीची रांग रस्ता ओलांडते. पुढे बाई, हात आडवा धरून, अगदी सावकाश. मधली पोरं झपझप. शेवटचं मात्र धावतं, दप्तर पाठीवर धबाधब आपटत. बाई तर रमतगमत चालल्यात, मग हे का पळतंय?

याचा हिशोब हिमाचलातल्या सार पास या खिंडीच्या वाटेवर उलगडतो. युथ हॉस्टेल, म्हणजे भटकणाऱ्या तरुणांना स्वस्तात मुक्काम देणारी संस्था, तिच्या कसोल कॅम्पवरून पन्नास जणांची तुकडी ग्रहण गावाकडे निघते. नाल्याकाठचा देवदार, पायाखाली वाळलेल्या सुया. (उतारावर या सुया ओल्या शेवाळापेक्षा वाईट, पाय सरळ पुढे जातो.) वाटेत एक ओंडका आडवा पडलाय. तो ओलांडायला माणशी पाच सेकंद, म्हणजे पन्नास जणांना चार मिनिटांहून जास्त. पहिला गडी तेवढ्यात दोनशे मीटर पुढे गेलेला असतो. त्यात कोणी चुकार नाही, ओंडक्याचंच गणित. असे चार ओंडके आणि दोन ओढे झाले की शेपूट दिसेनासं होतं.

मग पुढचे दगडावर टेकतात, चिक्की निघते, फोटो होतात. दहा मिनिटांनी शेवटचा धापा टाकत पोचतो, सॅक उतरवायला हात घालतो आणि गाईड म्हणतो, "चलो." विश्रांतीची ज्याला खरी गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. कसलेला गाईड विश्रांतीची मिनिटं शेवटच्याने बूड टेकल्यावर मोजायला लागतो. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला स्वतःच्या मागे, दुसऱ्या नंबरला घेतो. त्या बिचाऱ्याला ती शिक्षा वाटते, पुढच्या बाकावर बसवल्यासारखी.

पण हळू चालणाऱ्याचा दम कमी असतो असं नाही. बहुतेकदा सॅक चुकलेली असते. आधी खांद्याचे पट्टे ओढतात आणि कमरेचा पट्टा शोभेला लोंबत राहतो. क्रम उलटा हवा. पट्टे सगळे सैल करायचे, सॅक जरा वर उचलून कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांवर आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, तेही बेताने. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. पाण्याची बाटली एकाच बाजूच्या खिशात असली तर माणूस दिवसभर एका अंगाला कलून चालतो आणि संध्याकाळी गुडघ्याला दोष देतो. रेनकव्हरवर भरवसा नको. पाणी पाठीकडून झिरपतं, म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून. पायाची नखं ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी सरळ कापलेली हवीत. उतरताना बोटं बुटाच्या नाकावर आपटतात तेव्हा कळतं का ते. आणि टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर नुसती कणव उरते.

वर नगारूच्या कॅम्पवरून तर मध्यरात्र उलटल्यावरच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. खिंड १३,८०० फुटांवर. तिथे रांग तोडायला ओंडके नसतातच, पहिल्याने बर्फात उमटवलेल्या पावलात पाय ठेवत सगळे मुकाट, आणि शेवटच्याला चक्क पायऱ्या तयार मिळतात. एवढ्या एकाच ठिकाणी शेवटचं असण्यात फायदा.

युथ हॉस्टेल ही कल्पनाच अशा एका रांगेतून निघाली. २६ ऑगस्ट १९०९, जर्मनी. आल्टेनाचे शिक्षक रिचर्ड शिरमान मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते, वादळी पावसाने गाठलं आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा मुलांसाठी उघडल्या तर, हे त्यांना त्या रात्री सुचलं. त्या पावसात सगळ्यात शेवटी कोण आत आलं, याची कुठे नोंद दिसत नाही.

चौकातली रांग एव्हाना पलीकडे पोचलीय. बाई डोकी मोजतायत. शेवटच्याची लेस सुटलीय वाटतं.