आमची वाटचाल : सांगलीतलं पुस्तकांचं दुकान आणि कॉफी

आमच्याकडं शनिवारी दुपारी कुणालाही उठवत नाहीत, हे आधीच सांगतो, कारण पार्टनरशी पहिलं भांडण यावरूनच झालं. त्याचं म्हणणं एका कॉफीवर चार तास बसतात, टेबल अडतं, तासाला मिनिमम ऑर्डर लावूया. मी म्हटलं बाबा, पुस्तक असं घाईत विकलं जात नाही, माणूस बसतो, चार चाळतो, त्यातलं एक घरी नेतो. आमच्या धंद्यात बसणं म्हणजेच गिऱ्हाईक.

असे बसणारे एक काका होते, इरिगेशनमधून रिटायर्ड. ठरलेली खुर्ची, एक फिल्टर कॉफी, दुपारभर वाचन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी, तेव्हा काका पुस्तक मिटून म्हणाले, खालचे दोन कप्पे आज रिकामे करा, ४५ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघू नका. आम्ही रात्रभर माल वर चढवला, २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्याही वर. पण पाणी ५७ च्या वर गेलं हो! अख्ख्या गावानं २००५ धरूनच माल लावलेला, तो सगळा बुडाला. नगर वाचनालयाची जुनी पुस्तकं गेली तिथं आमचं काय.

ज्यांनी भिजलेली पुस्तकं हाताळलीत त्यांना माहितीय, साधा कागद पंख्याखाली, मधे रद्दी घालून वाळतो तरी, पण आर्ट पेपरची चित्रांची पुस्तकं एकदा चिकटली की वीटच, पान सुटत नाही. एस्प्रेसो कॉफीच्या मशीनच्या बॉयलरमध्ये गाळ, बोर्ड जळालेला. बिया दळायचा ग्राइंडर मात्र मी उघडून, बर्र म्हणजे त्याची दळायची चाकं घासून, वाळवून परत चालू केला, आजही तोच आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की शॉट, म्हणजे मशीनमधून उतरणारी कॉफी, यायला जास्त वेळ लागतो, मग दळण एक खाच जाड करायचं, १८ ग्रॅम पावडरीला २५ ते ३० सेकंदात ३६ ग्रॅम कॉफी यायला पाहिजे, हे सकाळी पहिल्या दोन शॉटमध्ये जमवायचं, गिऱ्हाइकाच्या कपात नाही.

विम्याचं तर अजून डोक्यातून जात नाही. निम्मा माल प्रकाशकांचा, विक्री वा परत या बोलीवरचा. एजंट घेताना म्हणाला दुकानातलं सगळं कव्हर आहे, आणि क्लेमला सर्व्हेअर म्हणतो हा माल तुमच्या मालकीचा नाही, तो धरता येत नाही. काही प्रकाशकांनी समजून घेतलं, काहींनी पुरतं बिल लावलं. म्हणून नवीन दुकान काढणाऱ्यांनो, दुसऱ्याचा माल ठेवत असाल तर तो पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका, आणि स्टॉकची यादी दुकानाबाहेर ठेवा, आमची रजिस्टरं मालाबरोबरच भिजली.

पार्टनरनं त्याच महिन्यात हिशोब मागितला. गाळ काढायला आला नाही, पैसे मागायला आला. दिले, कर्ज काढून दिले. मशीन नव्हतं म्हणून स्टीलच्या फिल्टरवर चिकमगळूरची पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी असते ती कॉफी, ८० टक्के कॉफीला २० टक्के चिकोरी, असं सुरू केलं, आणि लोकांना तेच आवडलं. पहिल्या शनिवारी काका आले, लाकडी खुर्ची अजून ओली होती, उभ्यानंच कॉफी घेतली आणि पाण्याचा डाग पडलेली पुस्तकं पूर्ण किमतीत घेऊन गेले, सवलत नको म्हणाले.

मग लॉकडाऊन, २०२१ चं पाणी, ते निभावलं, तोपर्यंत माल माळ्यावर न्यायची सवय झाली होती.

आता जवळच एक चकाचक कॅफे झालाय, भिंतीभर किलोवर आणलेली इंग्रजी पुस्तकं, शोभेला, हात लावलेला चालत नाही, आणि टेबलवर एक तासाची पाटी. आमचं बघूनच काढलंय, हे गावाला माहितीय. चालू दे त्यांचं. आमच्याकडं पुस्तकाचं आणि कॉफीचं बिल वेगळं होतं, पुस्तकावर जीएसटी नाही, कॉफीवर ५ टक्के आहे, आणि बसायचे पैसे कशावरच नाहीत. शनिवारी दुपारी एकनंतर या, खिडकीजवळची जागा हवी असेल तर जरा लवकर.