मंत्र, मेण आणि एव्हलिनबाई

वडील बॅरिस्टर, नवरा बॅरिस्टर, घरात मांजरं आणि हौस म्हणून पुस्तकबांधणी. लंडनच्या एव्हलिन अंडरहिल (१८७५–१९४१) यांचा संसार असा सुखवस्तू. ख्रिस्ती अध्यात्मावर लिहिणाऱ्या अधिकारी लेखिका म्हणून पुढे त्यांचं मोठं नाव झालं. पण तिशीच्या आसपास याच बाई ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाच्या एका शाखेत विधी करत होत्या, आणि मला त्या तिथेच जास्त आवडतात.

१९०९च्या ‘द कॉलम ऑफ डस्ट’ या त्यांच्या कादंबरीत पुस्तकाच्या दुकानात काम करणारी कॉन्स्टन्स जुन्या पोथीतला आवाहनाचा मंत्र म्हणून बघते. श्रद्धा वगैरे काही नाही, नुसती खोडी. समोर उभा राहतो तो धुळीचा खांब! पुस्तकाच्या दुकानात दुसरं मिळणार तरी काय म्हणा. पण जे आलं ते परत जायचं नाव घेत नाही, तिच्याच डोळ्यांनी जग बघत बसतं.

जादूच्या बाजूने बाईंनी १९०७ साली एक लेखही लिहिला होता. मीठ, पाणी, तेल, धूप, ठरलेले शब्द: मांत्रिकाचं हे सगळं सामान चर्चमध्येही असतंच की. मग १९११ साली ‘मिस्टिसिझम’, म्हणजे देवाशी एकरूप होण्याची साधना, या विषयावरच्या ग्रंथात त्यांनी हिशेब चुकता केला. जादूला काहीतरी मिळवायचं असतं, साधकाला द्यायचं असतं.

इतकं सोपं असतं तर! सप्टेंबरात मुंबईत वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेत जा. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला मांडलेली असतात. गुडघा दुखतो तो पाय वाहतो, भाड्याच्या खोलीला कंटाळलेला घर. हातातलं ते मेणाचं घर, दार-खिडक्यांसकट, उन्हाने जरा मऊ झालेलं. आता हे देणं की मागणं? मला तरी दोन्ही एकाच मुठीत दिसतं.

पुढे रवींद्रनाथांबरोबर बाईंनी कबीराची शंभर पदं इंग्रजीत आणली. त्यातल्या पहिल्याच पदात देव बजावतो, मी देवळात नाही, मशिदीत नाही, क्रियाकर्मातही नाही. बाईंनी ते मन लावून उतरवलं, नंतर अँग्लिकन चर्चमध्ये रमल्या आणि १९३६ साली उपासनेच्या रीतींवर ‘वर्शिप’ नावाचं चांगलं जाडजूड पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या.