टेप खाणारा डबा

चवथीला आठ दिवस उरले होते. म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान यायला लागलं होतं आणि मी दुकानात प्रिंटर उघडून बसलो होतो. तेवढ्यात डिचोलीहून फोन आला. तिथल्या एका जुन्या खाण कंपनीच्या ऑफिसात आता दोनच माणसं उरली आहेत, त्यातले अकाउंटवाले काका बोलत होते.

"पुता, आमच्याकडे टेप ड्राइव्ह आहे रे. चालतो. फक्त टेप खातो."

फक्त! टेप ड्राइव्ह म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती टेपवर साठवणारं आणि परत वाचणारं यंत्र. त्याने टेप खाल्ली की माहितीही गेली.

किती खाल्ल्या, असं विचारलं. "एकच. दुसरी घालणार होतो, म्हटलं आधी तुला विचारावं." प्लग काढून ठेवा, हात लावू नका, असं सांगून मी अस्नोड्याच्या रस्त्याला लागलो. पाऊस होताच.

भानगड पेन्शनची होती. कंपनीच्या बार्जवर 1992 पासून 2003 पर्यंत राबलेला एक खलाशी, आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात त्याची नोंद 1997 पासूनची. 1995 च्या पेन्शन योजनेत महिन्याची पेन्शन हवी तर किमान दहा वर्षं नोकरी दाखवावी लागते. आधीच्या वर्षांचे कागदी मस्टर वाळवीने संपवले होते. 2012 साली खाणी बंद पडल्या, ऑफिस आवरलं, तेव्हा युनिक्सवाला सर्व्हर भंगारात गेला. कपाटात राहिला ड्राइव्हचा डबा आणि जुन्या पगारपत्रकांच्या तीन टेपा: मार्च 94, मार्च 95, मार्च 96. ड्राइव्हने खाल्ली होती 96 ची.

टेप पाव इंचवाली, डीसी 6150. आजच्या पोरांना दाखवली तर व्हिडिओ कॅसेटची धाकटी बहीण वाटेल. हिच्यात 150 एमबी मावतात. खाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, आत दोन्ही रिळं. गंमत अशी की ड्राइव्हची मोटर रिळांना हातच लावत नाही. मोटरवर एक रबरी रोलर असतो, तो कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेल्या चाकाला टेकतो, चाक आतला एक ताणलेला पट्टा फिरवतं आणि पट्टा रिळं फिरवतो. म्हणजे तीस वर्षांचं रबर आणि तीस वर्षांचा पट्टा यांच्यावर सगळी मदार.

डबा उघडला आणि लाल झालो. पंख्याच्या जाळीवर, बोर्डावर, टेप वाचणाऱ्या हेडच्या बगलेत, सगळीकडे खनिजाची धूळ. तिथून ट्रक बंद होऊन वर्षं लोटली, पण त्या दिवसांची माती आत तशीच. टेपवरचा लेपही लोहाच्या ऑक्साईडचाच आणि वर बसलेली धूळही लोहखनिजाची! फरक एवढाच की एकात पगार लिहिलेला आणि दुसरी तो खरवडणारी.

रोलरवर रबर असं उरलंच नव्हतं. फणसाच्या चिकासारखा काळा गोळा, बोट लावलं तर तार निघत होती. तोच चीक खाल्लेल्या टेपच्या चाकालाही लागलेला. टेप अडकली ती इथे.

"खोबरेल लावून बघ," काका म्हणाले. फणसाला ठीक आहे. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीचा कापूस काढला. तासभर खरवडलं. सुदैवाने आतल्या कडेला रबराची अरुंद कडा शाबूत होती, तिथे व्हर्नियर लावून मूळ जाडी मिळाली. ही जाडी महत्त्वाची, कारण ड्राइव्हला आपल्या मोटरचे फेरे कळतात, टेपचा वेग नाही. रोलर जाड झाला की टेप नको तेवढी पळते. डबा आणि तिन्ही टेपा म्हापशाला आणल्या, सिलिकॉनची नळी ताणून रोलरवर चढवली आणि ब्लेडने कापून मापात आणली. पहिली वाकडी बसली. दुसरी जमली.

टेपा सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवल्या. आपल्याकडच्या पावसात कपाटातून काढलेली टेप तशीच घालायची नसते.

आता सेन्सर. या टेपेचं टोक रिळाला बांधलेलं नसतं, नुसतं गुंडाळलेलं असतं. टोक जवळ आलं हे ड्राइव्हला कळतं ते टेपमध्ये पाडलेल्या बारीक भोकांतून आलेल्या उजेडावरून. भोक दिसलं नाही तर मोटर थांबत नाही आणि टेप रिळावरून सुटून मोकळी होते. फार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत मी घाईने त्यांची एकुलती एक टेप न तपासलेल्या ड्राइव्हमध्ये घातली होती. सेन्सरवर धूळ होती. पुढची अख्खी दुपार चिमट्याने टेप गुंडाळण्यात गेली, आणि त्यांचे मॅनेजर शेजारी उभे राहून एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून आधी माझी रिकामी टेप घातली. ती या टोकापासून त्या टोकाला पळवली आणि परत आणली. तीनदा. मग गिऱ्हाइकाच्या टेपांचे स्क्रू काढले. पट्टे सैल पडले होते, ते बदलले. त्यासाठी माझ्या जुन्या साठ्यातल्या तीन टेपा बळी गेल्या. कोपऱ्यातला बाण नाण्याने 'सेफ'कडे फिरवला, म्हणजे चुकून लिहिलं जायला नको. मग ड्राइव्ह जोडला स्कझी कार्डाच्या जुन्या पीसीला (असे जुने ड्राइव्ह त्याच कार्डाला लागतात), केबलच्या टोकाला टर्मिनेटर लावला आणि टेप 512 बाइटच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकांत, वाचायला घेतली.

94 आणि 95 एका दमात उतरल्या. 96 ची, चीक पुसून, दोन ठिकाणी अडखळली. तिथले ब्लॉक सोडून पुढे गेलो. आत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइली निघाल्या. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या तर महिन्यामागून महिने, ओळीने पगार.

चवथीच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह आणि छापील कागद घेऊन डिचोलीला गेलो. खलाशीबाबा आधीच येऊन बसले होते, हातात घामाने मऊ पडलेलं टोकनकार्ड. टोकन नंबर जुळला. नावात मात्र आडनावाचं एक अक्षर भलतंच होतं. मी काळजीने काकांकडे पाहिलं.

"तो मीच," म्हातारा म्हणाला. "ही चूक तेव्हापासूनची. दर पगाराला खिडकीवर सांगायचो, नाव नीट करा. करतो म्हणायचे."

काका पंख्याचा रेग्युलेटर फिरवायला उठले. पंखा आधीच पाचवर होता.