वॉर्डातलं चालणं फॉर्ममध्ये बसेना

फॉर्मवर प्रश्न होता: एरवीच्या आठवड्यात फावल्या वेळात किती दिवस सलग 10 मिनिटं तरी भराभर चालता? मी ऐटीत 7 लिहिलं आणि फॉर्म परत दिला. घेणारी मुलगी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, वॉर्डातलं चालणं वर कामाच्या रकान्यात धरायचं. हा प्रश्न ड्युटी सुटल्यानंतरचा आहे. आणि सलग."

सलग! मेडिसीन वॉर्डात सलग 10 मिनिटं कोण चालतंय? चार पावलं टाकली की "सिस्टर, सलाईन संपलं". तिथून ट्रॉलीकडे, ट्रॉलीवरून फोनकडे, फोन उचलेपर्यंत बंद, मग पुन्हा 14 नंबरच्या खाटेकडे. मी 7 खोडून 0 केलं. खाली सही करताना राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. सेवेला 19 वर्षं झाली. या मुलीच्या प्रबंधाचा विषय होता, मोबाईलवरून आरोग्यशिक्षण दिलं तर परिचारिका व्यायामाला लागतात का. कार्यक्रम 12 आठवड्यांचा, जानेवारी ते एप्रिल. मेट्रन मॅडमनी यादी लावली आणि आमच्या वॉर्डातून मी गेले, कारण त्या दिवशी मॉर्निंगला मीच होते. इच्छा वगैरे काही नव्हती.

फॉर्मनंतर मापं. वजन 71, बीपी 138/88. टेप कंबरेला लावली तेव्हा मी पोट आत ओढलं, तर पोरगी म्हणते, "मॅडम, श्वास सोडा." हे माझं वाक्य! वर्षभर एनसीडी क्लिनिकला, म्हणजे बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीला होते, तिथे किती बायकांना मी ते ऐकवलंय. बायकांसाठी 80 सेंटीमीटरची मर्यादा, रोज 30 मिनिटं चाला, मीठ कमी करा, पुढचा नंबर. माझी कंबर 94 निघाली.

पहिले तीन आठवडे मेसेज आले आणि वाहून गेले. सकाळी 9 वाजता ग्रुपवर उगवता सूर्य, खाली "आरोग्य हीच संपत्ती, आज 30 मिनिटे चाला". 9 वाजता आमच्याकडे राउंड चालू असतो. फोन लॉकरमध्ये. नाइटवाल्या तेव्हा नुकत्या घरी जाऊन आडव्या झालेल्या. दुपारी फोन हातात येईपर्यंत वरती नातेवाइकांचे आणि सोसायटीचे मिळून 60 सुप्रभात साचलेले, त्यात हाही एक. आम्ही सगळ्या अंगठा दाखवून मोकळ्या. एक दिवस आकड्यांचं कार्ड आलं, की 2022 साली भारतातल्या सुमारे 57 टक्के बायका पुरेशी हालचाल करत नव्हत्या. वाचून माझ्यात तसूभर फरक पडला नाही. उलट वाटलं, चला, बहुमतात आहोत. व्हिडिओ तर तळमजल्यावर उघडतच नाहीत, ते गोल गोल फिरत राहायचं.

मी तिला गाठून सांगितलं, "अगं, तू आमचं ड्युटी चार्ट तरी बघितलंस का?" माझ्या बोलण्यात खोच होती. पण पोरगी गुणी. तिने तिच्या मार्गदर्शक मॅडमची परवानगी काढली, दर सोमवारी मेट्रन ऑफिसमधून चार्टचा फोटो घ्यायला लागली आणि मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा तीन याद्या केल्या. ड्युटी सुटल्यावर अर्ध्या तासाने मेसेज, नाइटवाल्यांना संध्याकाळी 5 ला. व्हिडिओच्या जागी तिच्याच आवाजातली मिनिटभराची क्लिप. सूर्य गेला. बरं झालं.

पहिली क्लिप मला रिक्षात ऐकू आली. ती सांगत होती की ड्युटीवर आपण दमतो, पण त्या दमण्याने हृदयाचा व्यायाम होतोच असं नाही. थांबत थांबत चालणं, तासन्‌तास उभं राहणं, पेशंट कुशीवर वळवणं, यात पाय सुजतात, कंबर धरते, मात्र श्वास वाढून काही वेळ टिकतो असं क्वचित घडतं. पुढे कसोटी दिली: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये, तर तो मध्यम व्यायाम. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर फोन खिशात ठेवला. मॉर्निंगमध्ये 8,700 पावलं भरली. लिननच्या कपाटापर्यंत जाताना मनातल्या मनात नव्हे, चांगली तोंडाने आरती म्हणून बघितली. अख्खी म्हणता आली. आणि त्याच दिवशी लिफ्ट बंद होती, तर तिसऱ्या मजल्यावर पोचून मला "बेड रिकामा आहे का" एवढं विचारायला दम खावा लागला. 19 वर्षं पायावर उभी असलेली बाई मी! तो जिना मला त्या सगळ्या कार्डांपेक्षा जास्त बोलला.

आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हे मला पाठ होतं. नवीन होतं ते असं, की जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सलग 10 मिनिटांची अट काढून टाकली. मिनिट मिनिट जोडलं तरी चालतं. मी लगेच तिला फोन केला, "मग तुझ्या फॉर्मने माझी 7 ची 0 का केली?" म्हणाली, "मॅडम, प्रश्नावली ठरलेली आहे, मला त्यात बदल करता येत नाही." दोघी हसलो. 10,000 पावलांचा आकडाही असाच. 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचं मीटर'. जाहिरातीतला आकडा आम्ही पेशंटना वर्षानुवर्षं औषधाच्या डोससारखा सांगत आलो.

चौथ्या आठवड्यात तिने एक वाक्य पाठवलं, गाळलेल्या जागा भरा छापाचं: "मी उद्या __ वाजता __ इथे __ मिनिटं चालेन." ते भरून तिला पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी केलं तर 1, नाही तर 0. भरताना कळलं की माझ्याकडे 'इथे'च नाही. घराजवळचा रस्ता डंपरचा. संध्याकाळी साडेआठला एकटीने कुठे फिरायचं? शेवटी रुग्णालयाचं आवारच निघालं. ओपीडीच्या गेटपासून पीएम रूमपर्यंत, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीपर्यंत, जाऊन परत यायला 7 मिनिटं लागतात. चार फेऱ्या. युनिफॉर्म बदलूनच जायचं, कारण पांढऱ्या कपड्यात दिसलं की पाच पावलांवर कुणीतरी "ब्लड बँक कुठाय" विचारणारच. सर्जिकल वॉर्डातल्या दोघी सोबतीला आल्या. घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर पाय मोडून येतेस, आणि आता पुन्हा चालायला?" त्यांना कसोटी सांगितली, गाण्याची. "मग भजनी मंडळातल्या कुणीच चालायला नको," म्हणाल्या आणि विषय संपला.

सहाव्या आठवड्यात मी खोटी 1 पाठवली. अंथरुणात पडून. सलग तीन दिवस. मला वाटतं आमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाठवली असेल, आणि तिच्या प्रबंधात ते सगळं हिरव्या खांबांत उभं असेल. चौथ्या दिवशी लाज वाटून 0 पाठवलं. म्हटलं, आता उपदेश येणार. आला फक्त प्रश्न: "काय झालं मॅडम?" मी लिहिलं, डबल ड्युटी, आमची एक सिस्टर आजारी रजेवर, 40 खाटांना दोघीच. त्यावर तिचं उत्तर: "आज झोपा. उद्या कधी?"

त्या 'उद्या कधी?' मध्ये काय होतं कोण जाणे. 30 मिनिटं चाला हे मला कुणीही सांगू शकतं, मीच सगळ्यांना सांगते. पण माझं उद्याचं कुणी विचारलं नव्हतं. मी एनसीडीच्या बायकांना तरी कुठे विचारलं होतं? "बाई, तुमचं शेतातून येणं किती वाजता, चालणार कुठं," एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

ताकदीच्या व्यायामाचं मात्र त्रांगडं झालं. क्लिपमध्ये होतं, हात धुताना टाचा उचला. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतातच, तेवढ्यात 20 वेळा होतं. मी बेसिनपाशी टाचा उचलतेय आणि मागून एका पेशंटचा भाऊ मोठ्याने, "आमचा माणूस तळमळतोय आणि सिस्टर नाचतायत." वॉर्ड हसला. कान तापले माझे. पेशंटला तेव्हा इंजेक्शन देऊनच आले होते, पण ते कुणाला सांगणार? तेव्हापासून टाचा फक्त ड्रेसिंग रूमच्या बेसिनवर. भिंतीला हात टेकून दंड काढायचे ते लिनन रूममध्ये. डंबेल म्हणून पाण्याच्या बाटल्या घरून आणल्या. सलाईनची बाटली उचलली असती तर इनचार्ज सिस्टरनी स्टॉक बुक काढलं असतं.

एक तक्रार आहे आणि ती त्या मुलीवर नाही. मेसेज कितीही वेळेवर आला तरी तो ड्युटी चार्टवर माणूस वाढवत नाही. सलग नाइट करून सकाळी घरी गेलेल्या सिस्टरला मी तरी चाल म्हणणार नाही, आधी झोप म्हणेन. इव्हिनिंगच्या आठवड्यात माझ्याही रकान्यात 0 च जास्त आहेत. कुठल्याशा बैठकीत मोबाईलचे मेसेज आले म्हणून कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं काम झालं असं कुणी दाखवलं, तर मी त्यांना तो चार्टचा फोटो दाखवेन.

12 आठवड्यांनंतर पुन्हा टेप. या वेळी श्वास आधीच सोडला. कंबर 91, वजन 70, बीपी 130/84. वजनाचं म्हणाल तर एवढा फरक सणावाराला इकडचा तिकडे होतो. जिना मात्र चढते, आणि वर जाऊन बेडचं विचारायला थांबावं लागत नाही. फावल्या वेळाच्या प्रश्नापुढे मी 3 लिहिलं. 5 लिहिता आलं असतं, कोण बघतंय. पण 3 च होतं.

मग मेसेज थांबले. तिचा अभ्यास संपला, ती प्रबंध लिहायला बसली. पहिल्या आठवड्यात ड्युटी सुटल्यावर फोन उगाच उघडून बघायचे. दुसऱ्या आठवड्यात एकदाच चालले. त्यात मे महिना, संध्याकाळी सातलाही आवारातलं डांबर तापलेलं. शेवटी आम्ही तिघींनी तिच्या जुन्या क्लिप एकमेकींना पाठवायला सुरुवात केली. चार्ट मी बघते, कारण तो आता माझ्याच फोनमध्ये असतो.

काल इव्हिनिंगला मेडिसीनमधली नवीन सिस्टर होती, जेमतेम 24 ची, तिसऱ्या फेरीला आमच्यात आलेली. रात्री 9 ला तिचा मेसेज: "0. तीन ॲडमिशन, एक एक्स्पायर. आत्ता कुठे नाइटवालीला ओव्हर दिला."

मी लिहिलं, "जेवलीस का?" थोड्या वेळाने तिकडून हो आलं. मग लिहिलं, "झोप. उद्या कधी?"